मैफलीसाठी वास्तू : मुंबईच्या टाटा थिएटरच्या रचनेची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत संगीतविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. घराणी, राग, बंदिशी, गायकांची चरित्रे आणि मैफलींच्या आठवणी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ज्या जागेत बसून हे संगीत ऐकले जाते त्या जागेची समीक्षा क्वचितच होते. सभागृहाचा उल्लेख झालाच तर तो खुर्च्या, वातानुकूलन व वाहनतळ यांच्यापुरता असतो. वास्तविक श्रोत्याच्या कानी जो स्वर पडतो तो केवळ गायकाच्या कंठातून आलेला नसतो. भिंतींनी परत पाठविलेला, छताने खाली आणलेला आणि खुर्च्यांनी काही अंशी शोषून घेतलेला असा तो स्वर असतो. या अर्थाने सभागृह हे स्वतःच एक वाद्य आहे आणि वाद्याची पारख जशी केली जाते तशी त्याचीही व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखात मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजेच एन.सी.पी.ए., या संस्थेच्या टाटा थिएटरची समीक्षा करावयाची आहे. ही वास्तू निवडण्याचे कारण असे की, भारतीय संगीताची गरज समोर ठेवून आधुनिक ध्वनिशास्त्राच्या आधारे महाराष्ट्रात उभे राहिलेले ते एक महत्त्वाचे संगीतगृह आहे. तुलनेसाठी पणजीची कला अकादमी आणि नागपूरचे कविवर्य सुरेश भट सभागृह यांचा विचार केला आहे. वर्धेसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी संगीतासाठी वास्तू उभारावयाची झाल्यास या साऱ्यातून काय घ्यावे व काय टाळावे, हा लेखाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

परंपरेतील विचार

प्रेक्षागृहाच्या आकारमानाचा विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाला वाहिलेला आहे. विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व अवर अशी तीन प्रमाणे तेथे सांगितली आहेत. मर्त्य माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मध्यम मंडप योग्य मानला आहे. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट धरल्यास हे माप ९६ फूट बाय ४८ फूट इतके भरते. यापेक्षा मोठा मंडप बांधल्यास उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव मागच्यांना दिसत नाहीत, असे त्यामागील कारण दिले आहे. मंडप पर्वतातील गुहेसारखा असावा, त्यास वाऱ्याचा झोत नसावा, म्हणजे स्वराला गांभीर्य येते, असाही निर्देश आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वास्तूचे माप राजाच्या ऐश्वर्यावरून किंवा लोकसंख्येवरून ठरविलेले नाही. ते माणसाच्या कानाच्या आणि डोळ्याच्या मर्यादेवरून ठरविलेले आहे. आजच्या सभागृहांच्या चर्चेत नेमका हाच क्रम उलटा झालेला दिसतो.

पुढे ख्यालगायकी वाढली ती दरबारात, हवेलीत, वाड्याच्या दिवाणखान्यात आणि देवळाच्या सभामंडपात. या जागा लहान होत्या. गायक व श्रोते एकाच पातळीवर, एकाच बैठकीवर आणि एकाच उजेडात बसत. समेवर मान हलली की ती गायकाला दिसे आणि त्या दादेने गाणे वळण घेई. हे संगीत परस्परतेतून घडले आहे. म्हणून त्याच्या वास्तूकडून केवळ आवाज पोहोचविण्याची नव्हे, तर ही परस्परता टिकविण्याची अपेक्षा करणे रास्त ठरते.

ध्वनीचे गणित

सभागृहाच्या ध्वनिगुणांचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या प्राध्यापकाने १८९५ च्या सुमारास सुरू केला. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानकक्षात शब्द ऐकू येत, परंतु समजत नसत. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या त्या कक्षात आणून प्रयोग केले आणि आवाज विरण्यास लागणारा काळ मोजला. या काळाला आपण अनुरणनकाल म्हणू. कक्षाचे घनफळ वाढले की तो वाढतो आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग वाढले की तो कमी होतो, हे सूत्र त्यातून निष्पन्न झाले. घनमीटरमधील घनफळाला ०.१६ ने गुणून एकूण शोषणाने भागले असता अनुरणनकाल सेकंदांत मिळतो. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल हे या शास्त्राच्या आधारे बांधलेले पहिले संगीतगृह होय.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाला साधारणतः १.८ ते २.२ सेकंदांचा अनुरणनकाल अनुकूल मानला जातो. अनेक वाद्यांचे स्वर एकमेकांत मिसळून एक भरीव नाद निर्माण व्हावा, ही त्या संगीताची अपेक्षा असते. आपल्या रागसंगीताची गरज निराळी आहे. येथे स्वर एका वेळी एकच असतो. मींड, गमक, मुरकी यांतील सूक्ष्म हालचाल स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असते. द्रुत तानेतील एक स्वर पुढच्या स्वरावर रेंगाळला तर तानेचा दाणा हरवतो. तबल्याच्या बोलांनाही हेच लागू पडते. दुसरीकडे अनुरणन अगदीच नसेल तर स्वर कोरडा वाटतो आणि तानपुऱ्याची आस खुंटते. म्हणजे या संगीताला हवी असते ती स्पष्टतेला बाध न आणणारी, मर्यादित आस.

याला दुसरी जोड अंतराची आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. ४ मीटरवर बसलेल्या श्रोत्याच्या तुलनेत ३२ मीटरवरील श्रोत्याला थेट पोहोचणारा स्वर १८ डेसिबलने क्षीण असतो. बंद सभागृहात परावर्तनामुळे ही घट काही प्रमाणात भरून निघते, तथापि तानपुऱ्यासारख्या मंद वाद्याच्या बाबतीत ती निर्णायक ठरू शकते.

टाटा थिएटर : रचना

एन.सी.पी.ए. या संस्थेची स्थापना १९६९ मध्ये झाली. जे. आर. डी. टाटा व जमशेद भाभा हे तिच्या उभारणीमागील प्रमुख होत. पु. ल. देशपांडे व अशोक दा. रानडे यांच्यासारख्या मराठी विद्वानांचाही तिच्या कार्याशी निकटचा संबंध आला. नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव घालून तयार केलेल्या भूमीवर संस्थेची वास्तू उभी राहिली. त्यातील टाटा थिएटरचे उद्घाटन १९८० मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. वास्तुरचना फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुविशारदाची आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची होती. जॉन्सन यांना १९७९ मध्ये पहिला प्रित्झकर पुरस्कार मिळाला होता, तर हॅरिस हे न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस, वॉशिंग्टनचे केनेडी सेंटर अशा वास्तूंच्या ध्वनिरचनेसाठी ख्यातनाम होते.

या प्रेक्षागृहात १०१० आसने आहेत. रंगमंचाभोवती ती पंख्याप्रमाणे पसरलेली असून मागे चढत गेली आहेत. ध्वनिवर्धकाची मदत न घेता गायन, वादन व संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावेत, हा रचनेचा हेतू होता.

पंख्याच्या आकाराची निवड विशेष विचारणीय आहे. पाश्चात्त्य संगीतगृहांच्या अभ्यासकांना हा आकार फारसा रुचत नाही. व्हिएन्नाच्या १८७० सालच्या म्युझिकफेराइनसारख्या लांबट पेटीच्या आकारात समांतर भिंतींवरून ध्वनी परावर्तित होऊन दोन्ही बाजूंनी श्रोत्यांकडे येतो व वाद्यवृंदाच्या नादाने वेढले गेल्याचा अनुभव देतो. पंख्याच्या पसरत्या भिंती तो ध्वनी मागे पाठवितात आणि मध्यभागी बसलेल्यांना बाजूचे परावर्तन कमी मिळते. वाद्यवृंदाच्या दृष्टीने हा दोष आहे. परंतु पंख्याचा एक मोठा गुण असा की, तितकीच माणसे रंगमंचाच्या अधिक जवळ बसू शकतात. ज्या संगीताला वेढणाऱ्या नादापेक्षा थेट व स्पष्ट स्वराची आणि गायकाच्या मुद्रेची गरज अधिक आहे, त्यासाठी ही निवड योग्यच म्हणावी लागेल. एका संगीताचा दोष तो दुसऱ्या संगीताचा गुण ठरतो, हे येथे स्पष्ट होते.

संस्थेच्याच आवारात १९९९ मध्ये उघडलेले ११०९ आसनांचे जमशेद भाभा थिएटर या विधानाला पुष्टी देते. ऑपेरा, बॅले व वाद्यवृंद यांच्यासाठी तेथे कमानी रंगमंच असलेले वेगळे प्रेक्षागृह बांधावे लागले. आसनसंख्या जवळजवळ सारखी असूनही एकाच सभागृहात दोन्ही परंपरा सारख्याच न्यायाने नांदू शकल्या नाहीत. ‘बहुउद्देशीय सभागृह’ या आपल्याकडील लोकप्रिय कल्पनेला याहून स्पष्ट उत्तर शोधण्याची आवश्यकता नाही.

टाटा थिएटर : मूल्यमापन

पहिला मुद्दा दृष्टिरेषेचा. आपला कलावंत मांडी घालून बसतो. उंच व सपाट सभागृहात पुढच्या रांगेतील श्रोत्याला मान वर करावी लागते, तर मागच्याला पुढच्याची डोकी दिसतात. चढत्या रांगांमुळे ही अडचण येथे बव्हंशी दूर होते. तबलजीची बोटे आणि गायकाचा हात दिसणे ही मैफलीत चैन नसून आस्वादाचा भाग आहे.

दुसरा मुद्दा परस्परतेचा. आसने रंगमंचाला कवेत घेत असल्याने श्रोत्यांना एकमेकांची चाहूल लागते. बर्लिनच्या १९६३ सालच्या फिलहार्मोनी या वास्तूत हान्स शारून यांनी वाद्यवृंदाच्या सर्व बाजूंनी श्रोते बसविले, त्यामागेही असाच सामूहिकतेचा विचार होता. परंतु टाटा थिएटरमध्ये अर्धेच वर्तुळ आहे आणि प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृह अंधारण्याची पाश्चात्त्य रंगभूमीची प्रथा आपल्या सभागृहांत सर्रास रुळली आहे. गायक उजेडात व श्रोता अंधारात बसला की दाद ऐकू येते, पण दिसत नाही. बैठकीतील निम्मा संवाद येथे सुटतो. हा दोष वास्तूचा कमी व वापराचा अधिक आहे.

तिसरा मुद्दा काळाचा. आपले राग प्रहरांशी जोडलेले आहेत. खिडक्या नसलेल्या, वातानुकूलित प्रेक्षागृहात सकाळ व रात्र यांत भेद उरत नाही. शांततेसाठी बाहेरचा गोंगाट अडविणे अपरिहार्य आहे, हे मान्य केले तरी भैरव व मारवा एकाच कृत्रिम उजेडात ऐकावे लागतात, ही उणीव राहतेच. समुद्राकडे उघडणाऱ्या प्रवेशदालनामुळे ती मध्यंतरापुरती भरून निघते इतकेच.

चौथा आणि सर्वांत गंभीर मुद्दा ध्वनिवर्धकाचा. ज्या प्रेक्षागृहाचा प्रत्येक कोन विनाध्वनिवर्धक गायनासाठी आखला गेला, त्याच्या उद्दिष्टाचाच आज विसर पडत चालला आहे. कलावंतांना स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकण्याची आणि श्रोत्यांना तो मोठा ऐकण्याची सवय जडली आहे. ध्वनिक्षेपक लागला की वास्तूचे कार्य संपते व ध्वनियंत्रणा हाताळणारा मनुष्य हाच मैफलीचा खरा वास्तुरचनाकार बनतो. गायकाने आवाज कमावण्याची, श्रोत्याने कान देण्याची आणि वास्तूने दोहोंना साहाय्य करण्याची जी तिहेरी शिस्त होती तिची गरजच उरत नाही. टाटा थिएटरचे अपयश असे काही असेल तर ते हेच की, वास्तू तयार झाली, परंतु तिला साजेशी श्रवणसंस्कृती तयार झाली नाही.

कला अकादमी : एक वेगळा मार्ग

पणजीत मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी १९८३ मध्ये पूर्ण झाली. दीनानाथ मंगेशकरांचे नाव दिलेले तेथील नाट्यगृह बंदिस्त असले तरी वास्तूचा जीव त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेत आहे. रस्त्याकडून नदीकडे जाणारी सावलीची वाट, बसकी उंची आणि खुले रंगमंच यांमुळे तिकीट न काढणाऱ्यालाही त्या वास्तूत स्थान मिळते. नाट्यगृहातील भिंतींवर मारियो मिरांडा यांनी प्रेक्षकांनी भरलेले सज्जे चित्रित केले आणि रसिकांच्या सहवासाचा आभास निर्माण केला.

टाटा थिएटर ध्वनीच्या बाबतीत जितके काटेकोर, तितकेच समाजाच्या बाबतीत अलिप्त आहे. कला अकादमीने ही अलिप्तता ओलांडली. परंतु तिची अलीकडील कथा देखभालीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधते. नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाल्यानंतर ध्वनी व प्रकाशव्यवस्थेविषयी कलावंतांनी जाहीर तक्रारी केल्या. वाद्याची तार बदलताना वादकाला विचारावे लागते. सभागृह दुरुस्त करताना कलावंताला विचारणे तितकेच आवश्यक आहे.

आसनसंख्येचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये उघडले. आराखडा तयार होत असताना आसने वाढविण्याचा आग्रह झाला, आकार बदलावा लागला आणि ध्वनी बिघडला. १९७६ मध्ये जॉन्सन व हॅरिस या जोडीनेच त्याचा अंतर्भाग संपूर्ण नव्याने बांधला, तरी असमाधान राहिले. अखेरीस २०२२ मध्ये ते पुन्हा नव्याने रचताना आसने सुमारे २७०० वरून सुमारे २२०० पर्यंत कमी केली आणि रंगमंच श्रोत्यांच्या दिशेने पुढे आणला. ६० वर्षांच्या या खटाटोपाचे सार इतकेच की, आसनसंख्या हाच पहिला ध्वनिशास्त्रीय निर्णय असतो.

आपल्या विदर्भात २०१७ मध्ये नागपूरच्या रेशीमबाग येथे कविवर्य सुरेश भट सभागृह उभे राहिले. सुमारे २००० आसनांचे हे सभागृह संमेलने, नाटके, समारंभ अशा अनेक गरजा भागविते व त्या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु गझलेचा मिसरा हलक्या आवाजात म्हणण्याची जी जागा असते ती २००० आसनांत यंत्रावाचून निर्माण होऊ शकत नाही. मोठ्या सभागृहाला विरोध करण्याचे कारण नाही. मोठे सभागृह म्हणजेच संगीताची सोय झाली, हा समज मात्र दूर व्हावयास हवा.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्धेत भरले ते मैदानावर मंडप उभारून. मोठ्या जनसमुदायासाठी मंडप हेच आपले खरे सभागृह आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उणीव आहे ती लहान व शांत जागेची. प्रस्तुत लेखकाने जिल्ह्यातील एका सभागृहात विद्यार्थ्यांसह एक मैफल ऐकली. पंख्यांची घरघर, गुळगुळीत भिंती व फरशीवरून परतणारा आवाज आणि त्यावर मात करण्यासाठी वाढविलेला ध्वनिक्षेपक यांत तानपुरे दिसत होते, ऐकू मात्र आले नाहीत. परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ती दोन वाद्ये कशासाठी ठेवली होती?” या प्रश्नाला अभ्यासक्रमात उत्तर आहे. त्या सभागृहात मात्र नव्हते.

अशा सभागृहाचे गणित मांडून पाहता येते. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व ६ मीटर उंच कक्षाचे घनफळ १८०० घनमीटर होते. सिमेंटचा गिलावा, फरशी व प्लॅस्टिकच्या खुर्च्या असताना एकूण शोषण ८० एकक धरले तर रिकाम्या कक्षाचा अनुरणनकाल ३.६ सेकंद येतो. ३०० श्रोते बसले व प्रत्येकामुळे ०.४५ एककाची भर पडली, तर शोषण २१५ होऊन तोच काळ सुमारे १.३ सेकंदांवर येतो. म्हणजे श्रोता हाच सर्वांत मोठा ध्वनिशोषक असतो आणि कमी उपस्थितीच्या मैफलीला असे सभागृह सर्वाधिक छळते. गादीच्या खुर्च्या, मागील भिंतीवर जाड कापडी आच्छादन, खडबडीत पृष्ठभाग व आवाज न करणारी वायुव्यवस्था हे उपाय संगमरवरी प्रवेशदालनापेक्षा खचितच कमी खर्चाचे आहेत.

येथे सेवाग्रामचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या शेगावी राहावयास आले. माती, बांबू, कवेलू यांतून उभ्या राहिलेल्या तेथील कुटी गरजेपुरते माप आणि स्थानिक साहित्य यांचा आदर्श आहेत. सायंप्रार्थना होते ती मोकळ्या आकाशाखाली. त्या साधेपणाची नक्कल करून संगीतगृह बांधता येणार नाही, कारण ध्वनीला भिंत लागते. परंतु गरज आधी व आकार नंतर, हे तत्त्व मात्र टाटा थिएटर आणि बापूकुटी या दोन टोकांच्या वास्तूंत समान आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. टाटा थिएटरची रचना रागसंगीताच्या स्पष्टतेच्या व सान्निध्याच्या गरजेतून झालेली असल्याने ती पाश्चात्त्य संगीतगृहाची नक्कल ठरत नाही. हे तिचे मोठे यश होय.

२. ध्वनिवर्धकाची सवय व अंधाऱ्या प्रेक्षागृहाची प्रथा यांमुळे त्या रचनेचा पूर्ण लाभ घेतला जात नाही. वास्तूबरोबर श्रवणाचे शिक्षणही आवश्यक आहे.

३. संगीतगृह समाजाला खुले असावे आणि त्याची दुरुस्ती कलावंतांच्या सल्ल्याने व्हावी, हा धडा कला अकादमीकडून मिळतो.

४. जिल्ह्याच्या ठिकाणी हजारो आसनांच्या बहुउद्देशीय सभागृहाबरोबर ३०० ते ४०० आसनांचे, विनाध्वनिवर्धक मैफलीसाठी आखलेले एक लहान सभागृह असावे. ते महाविद्यालयाच्या आवारात असल्यास अध्यापनाचाही भाग होऊ शकेल.

महाविद्यालयांच्या इमारतींचे आराखडे मंजूर होताना आपण प्राध्यापक मंडळी वर्गखोल्यांची संख्या तपासतो. त्या खोल्यांत आवाज कसा उमटेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारण्यास संगीताचा किंवा वास्तुशास्त्राचा पदवीधर असावे लागत नाही. रिकाम्या कक्षात उभे राहून एक टाळी वाजवावी व ती विरेपर्यंत ऐकावे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.